साक्षीत न येणाऱ्या चुका

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘साक्ष’ नावाचा एक कथनप्रकार दीर्घकाळ रूढ आहे. उपासनेत, घरोघरच्या प्रार्थनासभेत किंवा एखाद्या मेळाव्यात कोणी स्त्री वा पुरुष उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांसमोर सांगतो. या सांगण्याला साक्ष म्हणतात. मराठीतील अनुभवकथनाचा विचार करताना हा प्रकार वगळून चालणार नाही, कारण ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा माणसांनाही आपल्या आयुष्याची संगती लावून ती चारचौघांत मांडण्याची सवय त्याने लावली. साक्षीची रचना मात्र बहुधा ठरलेली असते. आधीचे भरकटलेले जीवन, मग ख्रिस्ताची ओळख आणि त्यानंतरचे पालटलेले जीवन अशा टप्प्यांतून ती जाते, आणि चुकांची कबुली पहिल्याच टप्प्यात आटोपते. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, झाल्यानंतर शाळा चालवताना, दवाखान्यात काम करताना, मंडळीचा हिशेब ठेवताना किंवा उपदेश करताना त्याच माणसाच्या हातून जे चुकते ते साक्षीत सहसा येत नाही. भूतकाळातील चुकांपासून शिकण्याचा ख्रिस्ती दृष्टीने विचार करू लागले की प्रश्नाची खरी धार येथे जाणवते. श्रद्धेआधीच्या चुका सांगणे तुलनेने सोपे असते, कारण त्या करणारा माणूस आता उरलेला नाही असे म्हणता येते. परंतु श्रद्धेने, प्रामाणिकपणे आणि देवाचे काम म्हणून जे केले त्यातील चूक ओळखायची आणि त्याप्रमाणे काम बदलायचे, हे फार थोड्यांना जमले आहे.

भंडारा जिल्ह्यातील शहापूरसारख्या गावी हा प्रश्न निव्वळ धर्मशास्त्राचा राहत नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरच्या या गावाजवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, आणि भोवतालचा मुलूख धानाचा आहे. पऱ्हे टाकण्याचा किंवा रोवणीचा अंदाज चुकला तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. दारूगोळ्याच्या कारखान्यात काही चुकले तर माणसे जातात, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी या निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले तेव्हा त्याचा हादरा या साऱ्या पट्ट्याने अनुभवला. अशा ठिकाणी कष्ट करून जगणाऱ्या माणसाला ‘देव क्षमा करतो’ एवढे सांगून भागत नाही. क्षमा मिळाल्यावर उद्या कामाला जाताना काय बदलायचे, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात चूक आणि पाप यांत भेद केला जातो. चूक अज्ञानातून, घाईतून किंवा अपुऱ्या माहितीतून होते. पाप म्हणजे देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेल्या नात्याचा जाणूनबुजून केलेला भंग. कामाच्या जगात ही सीमारेषा स्थिर राहत नाही, कारण पहिल्या वेळी नकळत झालेली चूक दुसऱ्या वेळी, कळत असूनही, केवळ सोयीसाठी होऊ दिली की ती पापाच्या बाजूला सरकते. पश्चात्ताप या संज्ञेचा अर्थही येथे नीट ठरवून घ्यावा लागतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारच्या दुःखांत फरक केला आहे. एक दुःख माणसाला पालटवते, तर दुसरे त्याला आतून संपवत नेते. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राची जी चार पुस्तके नव्या करारात आहेत त्यांत, या दोन्ही दुःखांची माणसे एकाच रात्रीच्या घटनाक्रमात भेटतात. पेत्राने येशूला नाकारले आणि यहूदाने त्याला धरून दिले. पस्तावले दोघेही, परंतु यहूदाने आपल्या चुकीचा न्याय स्वतःच करून टाकला आणि पेत्र माणसांत परत आला. जक्कय या जकातदाराच्या कथेत तिसरी गोष्ट येते. अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे त्याने सर्वांसमोर बोलून दाखवले, म्हणजे पश्चात्तापाला त्याने हिशेबाच्या वहीपर्यंत नेले. कबुली, परत येणे आणि भरपाई या तिन्हींपैकी एखादी गोष्ट गळाली की उरलेल्या दोन लंगड्या पडतात.

तथापि कामातील चुकांविषयी बोलायचे तर पेत्रापेक्षा मार्काचे उदाहरण अधिक उपयोगी आहे, आणि मंडळ्यांतील उपदेशांत ते तितकेसे ऐकू येत नाही याचे नवल वाटते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती प्रचारकांच्या प्रवासांचा वृत्तांत आहे. त्यातील पहिल्या मोठ्या प्रवासात योहान मार्क हा तरुण पौल आणि बर्णबा यांच्यासोबत निघाला आणि पंफुल्यात पोहोचल्यावर त्यांना सोडून यरुशलेमला परतला. तो का परतला हे ग्रंथकाराने सांगितलेले नाही. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी त्याला पुन्हा सोबत घ्यावे असे बर्णबाचे मत पडले, तर ऐन कामात सोडून गेलेला माणूस नको असे पौलाने ठरवले. वाद इतका वाढला की दोघे सहकारी वेगळे झाले, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसऱ्या वाटेने. येथे चूक एकाचीच नव्हती. मार्काने काम अर्ध्यावर टाकले होते, आणि पौलाने एका प्रसंगावरून माणसाचे कायमचे माप काढले होते. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, आयुष्याची अखेर दिसू लागलेला पौल मार्काला सोबत घेऊन ये असे सांगतो आणि सेवेच्या कामी तो आपल्याला उपयोगी आहे असा निर्वाळा देतो. या वाक्यात क्षमेचा एकही शब्द नाही. नाकारलेल्या माणसाला पुन्हा कामावर बोलावणे, तेही तो उपयोगी आहे असे लेखी नोंदवून, ही पौलाच्या चुकीची दुरुस्ती होती. आणि ती शक्य झाली ती मधल्या काळात बर्णबाने मार्काला वाऱ्यावर सोडले नव्हते म्हणून. चुकलेल्या माणसाला शिकण्यासाठी काम हातात राहावे लागते, एवढी साधी गोष्ट बर्णबाला कळली होती.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत धीट विचार ज्यांनी आपल्या कामातून केला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव आधी घ्यावे लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी १९०७ मध्ये आपली साक्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि तीत रूढ घडण मोडणारी एक कबुली आहे: बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. ज्या वर्षांत त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ती सारी यशाची वर्षे या कबुलीच्या आत येतात. दीक्षेनंतरच्या काळात, तोही जगाने वाखाणलेला, आपण अपुरे होतो असे लिहून ठेवणे मिशनच्या त्या काळच्या वाङ्मयात विरळा होते.

शारदा सदनाचा अनुभव या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखा आहे. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या या संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल असे जाहीर झाले होते आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे तिच्या सल्लागार मंडळावर होती. १८९० मध्ये सदन पुण्याला आल्यावर रमाबाईंच्या खोलीत होणाऱ्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. सक्ती कोणावरही नव्हती, परंतु दार उघडे होते. वृत्तपत्रांत वादळ उठले, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची श्रद्धा किंवा त्यांचा प्रार्थनेचा हक्क यांत चूक शोधण्याचे कारण नाही. चूक होती ती संस्थेच्या मांडणीतील संदिग्धतेत: तटस्थता या शब्दाचा जो अर्थ पुण्याच्या पालकांनी घेतला तो रमाबाईंच्या मनात नव्हता, आणि हा फरक आरंभी कोणीच कागदावर आणला नाही. पुढच्या कामात ही संदिग्धता दिसत नाही. केडगाव येथे उभे राहिलेले मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होते, तेथे काय शिकवले जाईल याविषयी कोणाचा गैरसमज होण्यास जागा नव्हती. आणि शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशा उद्योगांनी संस्थेला बाहेरच्या मर्जीवर कमी विसंबावे लागेल अशी रचना केली गेली.

मुक्तीचा विस्तार १८९६-९७ च्या दुष्काळाने झाला. नागपूर आणि भंडारा हे जिल्हे तेव्हा मध्य प्रांतात मोडत होते, आणि त्या प्रांतातील दुष्काळग्रस्त मुलींना व विधवांना आणण्यासाठी रमाबाई स्वतः गेल्या. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी आपले आईवडील आणि बहीण गमावली होती. भुकेने मरणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. येथे भूतकाळाने त्यांना शिकवले ते चुकीच्या रूपाने नव्हे, जखमेच्या रूपाने, आणि ख्रिस्ती विचारात या दोहोंचा वापर एकाच दिशेने होतो: ज्या ठिकाणी आपल्याला लागले तेथे दुसऱ्याला सावरायला जायचे. त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामामागेही एक दुरुस्तीच आहे. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर साध्या, अल्पशिक्षित बायकांना जड जाते हे मुक्तीत रोजच दिसत होते, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले, आणि ते मुक्तीतील स्त्रियांनी आपल्या छापखान्यात छापले. भाषांतर कळत नसेल तर दोष वाचणारणीचा मानण्याची रीत सोपी होती. ती त्यांनी नाकारली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा एक धागा भंडारा जिल्ह्यातून जातो. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना डब्यातील एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी ख्रिस्ताविषयी बोलून त्यांना नव्या कराराची प्रत दिली. हा मार्ग शहापूरच्या लोकांना परिचित असलेल्या वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून पुढे तुमसर, गोंदियाकडे जातो. त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या सलग उपदेशाने, टिळकांची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाची एक बाजू मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे पुरती ठाऊक आहे. पत्नीला विश्वासात न घेता त्यांनी धर्मांतर केले; तिच्यावर आणि लहान मुलावर त्याचे काय ओढवेल याचा विचार झाला असेल, परंतु तिच्याशी बोलणे झाले नाही. पुढे चार वर्षांहून अधिक काळ दोघे दुरावले. टिळकांनी केलेली दुरुस्ती शब्दांपेक्षा वागण्यात दिसते. लक्ष्मीबाई नगरला आल्यावर त्यांच्यावर श्रद्धेची घाई झाली नाही, त्यांच्या सोवळ्याओवळ्याला घरात मान मिळाला, आणि जातिभेद माणसाने केलेला आहे या निष्कर्षावर त्या स्वतःच्या विचाराने आल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला तो त्यानंतर. टिळकांनी १९०९ मध्ये लिहायला घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध येशूचरित्र त्यांच्या हातून साडेदहा अध्यायांपलीकडे गेले नाही. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिला १८९५ मध्ये विचारले गेले नव्हते तिच्याच हातून त्यांचे सर्वांत मोठे काम पुढे गेले, हे लक्षात घेतले तर त्या दुरुस्तीचे मोल कळते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. साक्षीच्या साच्याशी ताडून पाहिले तर हे पुस्तक किती वेगळे आहे ते ध्यानात येते, कारण त्यातील टिळक बाप्तिस्म्यानंतरही तापट राहतात, पैशाच्या बाबतीत भाबडे राहतात, घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता पाहुणे आणतात. आणि हे सांगणाऱ्या लक्ष्मीबाई स्वतःलाही सोडत नाहीत, आपल्या हट्टांवर आणि फजितीवर हसतात. त्यांचे हसणे हलके नाही. चूक मान्य करायची तर आधी तिच्याकडे न घाबरता पाहता आले पाहिजे, आणि क्षमा झालेली आहे असा विश्वास असलेल्या माणसालाच असे पाहणे परवडते. म्हणून हा विनोद ख्रिस्ती श्रद्धेचाच एक परिणाम मानावा लागतो. मराठीतील उत्तम आत्मचरित्र म्हणून त्याची नेहमी वाखाणणी होते, परंतु पश्चात्तापावरचे पुस्तक म्हणून ते धर्मशिक्षणाच्या वर्गात लावल्याचे सहसा दिसत नाही.

टिळकांच्या कामातील बदल मात्र घराबाहेरचा आणि अधिक वादग्रस्त होता. अमेरिकन मराठी मिशन या संस्थेसोबत त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वीसहून अधिक वर्षे काम केले; तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवले, १९०४ मध्ये त्यांना दीक्षित पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून नेमण्यात आले, आणि १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक होते. ज्या परंपरेत ते आले तिचा मोठा भाग खंडनमंडनाचा होता. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचे मुंबईतील वाद १८३० च्या दशकाच्या तोंडावर गाजले, विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ मध्ये समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घातले, आणि समोरच्याला निरुत्तर करणे म्हणजे त्याला ख्रिस्ताजवळ आणणे असा समज दोन पिढ्या टिकला. उपासनेतील गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे असत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती, परंतु भजन आणि अभंग हे मराठी मंडळीच्या गाण्याचे मुख्य अंग झाले ते टिळकांमुळे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि ज्या पुलावरून आपण आलो तो मागून येणाऱ्यांसाठी मोडून टाकण्याची मिशनची रीत त्यांना चूक वाटू लागली.

याहून खोल चूक त्यांना पगारात दिसली. मिशनच्या पैशावर काम करणारा मराठी प्रचारक लोकांच्या नजरेत परक्या संस्थेचा नोकर असतो, त्याच्या बोलण्याचे वजन त्यामुळे घटते, आणि मंडळीही आपला भार आपण उचलायला शिकत नाही. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षे वयाच्या सुमारास, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ‘ज्ञानोदय’मधून आपला संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती, आणि अनेक मिशनऱ्यांना ती पटणे अवघड होते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांच्या माघारी दरबार टिकला नाही.

दरबार विरला यावरून टिळकांचे निदान चुकले होते असा निष्कर्ष काढण्याची घाई काही लेखक करतात. निदान बरोबर होते. उपाय एका विलक्षण माणसाच्या अंगावर तोललेला होता. रमाबाईंनी चुकीची दुरुस्ती इमारतीत, शेतीत आणि नियमांत उतरवली म्हणून मुक्ती आजही चालू आहे. टिळकांनी ती आपल्या जीवनक्रमात उतरवली, आणि जीवनक्रमाचा वारसा देता येत नाही. भजनांचे तसे झाले नाही, कारण भजन छापले की ते कोणाचेही होते. ज्या दुरुस्तीला मंडळीच्या रोजच्या व्यवहारात जागा मिळाली ती उरली आणि जी केवळ संतपणावर उभी होती ती गेली, एवढा भेद या दोन आयुष्यांतून स्पष्ट होतो.

मिशनच्या कामातील चुका इतक्या उशिरा का ओळखल्या गेल्या याचे एक कारण अहवालांत आहे. प्रत्येक मिशन केंद्र दरवर्षी परदेशातील आपल्या मंडळाला अहवाल पाठवी, त्या अहवालावर पुढच्या वर्षाचा निधी अवलंबून असे, आणि निधी यशोगाथेला मिळतो. बंद पडलेली शाळा, सोडून गेलेला शिक्षक, दुष्काळात आलेल्या आणि दुष्काळ सरल्यावर परत फिरलेल्या माणसांची मने यांविषयी अशा कागदांत मोकळेपणाने लिहिणे अवघड होते. हा दोष परदेशी माणसांपुरता नाही; मिशन गेली, मंडळ्या स्वतंत्र झाल्या, तरी अहवाल लिहिण्याची रीत तीच राहिली.

एका चुकीची सामुदायिक कबुली मात्र या भागाजवळच झाली. वेगवेगळ्या मिशन संस्थांनी आपसांत क्षेत्रवाटणी केली होती, म्हणजे एका जिल्ह्यात एकाच संस्थेने काम करावे असा समजुतीचा करार. त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडचा ख्रिस्ती माणूस स्कॉटिश वळणाचा आणि नगरकडचा अमेरिकन वळणाचा झाला, आणि युरोपातील जुन्या भांडणांतून निघालेल्या भिंती ज्यांनी ती भांडणे ऐकलीही नव्हती त्यांच्या वाट्याला आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अमेरिकन वळणाची मेथॉडिस्ट मंडळी मात्र अगदी अखेरच्या टप्प्यात बाजूला राहिली. ऐक्य झाल्यावर मालमत्तेचे वाद थांबले नाहीत, आणि विवाह जुळवताना जात विचारणे अनेक घरांत चालूच राहिले, म्हणून या घटनेचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. तरीही वारशाने मिळालेली चूक ही आपली चूक नव्हे असे म्हणण्याची सोय त्या दिवशी अनेकांनी सोडली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या इतिहासातील पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, तेव्हा सत्याच्या नावाने वापरलेल्या बळजोरीचाही त्यांत समावेश होता. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, धर्मन्यायालय ज्या गोव्याने सोसले त्याच्या दृष्टीने हे फार उशिरा होते, पण निरर्थक नव्हते.

सामुदायिक चुकीचा विचार भंडाऱ्यात करताना ९ जानेवारी २०२१ ची पहाट टाळता येत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. सात बालकांना वाचवण्यात आले. चौकशी झाली, कारवाई झाली, राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून पुन्हा रुग्ण मृत्युमुखी पडले. शिकणे म्हणजे आदेश निघणे नव्हे, हे याहून कठोरपणे सांगता येणार नाही. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात लोकांची पापे एका बकऱ्यावर ठेवून त्याला रानात सोडण्याचा विधी आहे; बळीचा बकरा हा मराठीतील शब्दप्रयोगही त्याच मानवी सवयीकडे बोट दाखवतो. शुभवर्तमानात कयफा हा मुख्य याजक, लोकांसाठी एका माणसाने मरावे हे बरे, असा हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात बळी जाणारा निर्दोष असतो. ख्रिस्ताच्या क्रूसाकडे पाहणाऱ्या माणसाने म्हणूनच खालच्या पायरीवरच्या एखाद्या कर्मचाऱ्याला शिक्षा झाली की प्रकरण मिटले, या समाधानाकडे संशयाने पाहावे. वैयक्तिक जबाबदारी त्यामुळे पुसली जात नाही, जक्कयाने आपली भरपाई स्वतःच केली होती. परंतु शिक्षा दिल्यावर तारा, कुलपे, रात्रपाळ्या आणि देखभालीचे कागद तसेच राहिले असतील तर शिकलेले काही नाही.

शहापूर-भंडारा परिसरातील मंडळ्यांना, त्यांच्या शाळांना आणि सेवाकार्यांना येथे एक विनंती करावीशी वाटते. वार्षिक सभेपुढे ठेवल्या जाणाऱ्या अहवालात एक पान चुकलेल्या कामासाठी राखून ठेवावे: वर्षभरात कोणते काम बंद पडले, का पडले, त्यात कोणाला सोसावे लागले, त्यांची भरपाई झाली का, आणि पुढच्या वर्षी कोणता नियम बदलणार. माणसांची नावे तेथे लिहू नयेत, निर्णय लिहावेत. हे पान अध्यक्षांनी किंवा पाळकांनी स्वतः वाचून दाखवावे, आणि पुढच्या वर्षीच्या सभेत नवा अहवाल उघडण्याआधी मागच्या वर्षीचे ते पान पुन्हा वाचावे.